सुनेचा रकाना

मी एक जुने, पिवळे कार्ड आहे. चांदूर बाजारच्या एका दवाखान्यातील लाकडी खणात, दोनशे तेरा आणि दोनशे पंधरा यांच्यामध्ये माझी जागा आहे. माझा नंबर दोनशे चौदा.

मित्रांनो, मी बोलावे की नाही याचा मी फार दिवस विचार केला. कार्डाचे काम लिहून घेण्याचे असते, सांगण्याचे नसते. शिवाय माझी एक कड कसरीने खाल्ली आहे आणि त्या कडेबरोबर काही तारखाही गेल्या आहेत. तेव्हा माझ्या सांगण्यात कुठे चूक झाली, तर ती माझी समजा. पण माझ्या अंगावर तीन शब्द लिहिलेले आहेत, ते मला गप्प बसू देत नाहीत. खण ओढला की ते जागे होतात, आणि खण बंद झाला तरी निजत नाहीत. ते शब्द असे आहेत : उद्या पुन्हा दाखवा.

ते कोणाला लिहिले होते आणि पुढे काय झाले, हे सांगण्यासाठी मला थोडे मागून यावे लागेल.

माझा जन्म अमरावतीच्या एका छापखान्यात झाला. आम्ही पाचशे भावंडे होतो. सुतळीने बांधून, एसटीच्या सीटखाली ठेवून, आम्हाला चांदूर बाजारला आणले. आणणारे होते दाऊद डॉक्टर. उंच, किंचित वाकलेले, आणि शाईचे पेन सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवणारे. त्यामुळे त्यांच्या छातीवर नेहमी एक निळा डाग असे.

आम्ही दुमडलेली कार्डे होतो. वर कुटुंबप्रमुखाचे नाव आणि आत चार मोठे रकाने. माणसाला एक कार्ड अशी पद्धत त्या दवाखान्यात नव्हती. एका घराला एक कार्ड, अशी होती. डॉक्टर म्हणत, "आजार कधी एकटा येते का? तो घरात येते. एकाले खरूज झाली तं चौघांले पाहावं लागते." ही पद्धत वाईट नव्हती, मित्रांनो. एकाचा खोकला ऐकून डॉक्टर घरातल्या म्हातारीची चौकशी करीत. एका कार्डावर बोट ठेवले की सारे घर त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहत असे.

नवा रोगी आला की त्याची नोंद दारापाशी होई. तिथे टेबलामागे देवमन कंपाउंडर बसत. नवीन माणसाला ते नाव विचारत नसत. पहिला प्रश्न असे, "कोणाच्या घरचे?" घर कळले की खण ओढला जाई, कार्ड निघे. मग वजनकाट्यावर उभे करायचे. मग भिंतीला पाठ लावून उंची. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने फूट आणि इंच रंगवलेले होते. आणि मग रिकाम्या रकान्यात नोंद. तेवढ्याने माणूस त्या दवाखान्याचा होऊन जाई.

मी उत्तमरावांच्या घराचे कार्ड होतो. गावाच्या कडेला त्यांचे घर, आणि मागे कपाशीचे शेत. पहिल्या रकान्यात त्यांचे नाव. दुसऱ्यात 'मालकीण', म्हणजे त्यांच्या पत्नी दुर्गाबाई. तिसऱ्यात 'मुलगा, किशोर'. चौथा रकाना बरीच वर्षे कोरा होता. कोऱ्या जागेची मला लाज वाटत असे. शेजारचे दोनशे तेरा काठोकाठ भरलेले होते, त्याला मागे दोन चिठ्ठ्यासुद्धा डकवलेल्या होत्या.

दोन हजार अकरा सालच्या उन्हाळ्यात किशोरचे लग्न झाले आणि श्रावणात माझा चौथा रकाना भरला.

ती आली तेव्हा दुर्गाबाई बरोबर होत्या. देवमन यांनी मला बाहेर काढले आणि चौथ्या रकान्याच्या माथ्यावर लिहिले, 'सून'. मग वय तेवीस. वजन एकेचाळीस. भिंतीशी उभी राहिली तेव्हा तिने टाचा किंचित उचलल्या होत्या. देवमन यांच्या ते लक्षात आले.

"टाचा खाली ठेव, बाई. इथं उंच दिसून काय करतं? लग्न तं झालं."

ती हसली. टाचा खाली आल्या. चार फूट अकरा इंच.

"काका, माझं नाव लिहेल नाही तुमी," ती म्हणाली.

"घरात सून किती?"

"एकच."

"मंग? एक असली तं हरपत नाही."

दुर्गाबाईही हसल्या. मीही मनातल्या मनात हसलो, हे मला आज कबूल केले पाहिजे. मला त्यात काही वावगे दिसले नाही. मालकिणीचे नाव तरी माझ्यावर कुठे होते?

पण ती शिकलेली होती. आत नंबर लागेपर्यंत मला हातात घेऊन ती बाकावर बसली. तिने मला उलटे केले. टेबलावरच्या दोरीला बांधलेली पेन्सिल ओढून घेतली, आणि माझ्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, तांदळाएवढ्या अक्षरांत लिहिले : सीमा.

माझ्या पाठीवर कोणी लिहिण्याची ती पहिलीच वेळ होती. फार हलका हात होता तिचा. ते अक्षर कोणी वाचले नाही. पाठ पाहण्याची वेळच कोणावर आली नाही.

पुढच्या पाच वर्षांत सीमा आठ-नऊ वेळा तरी दवाखान्यात आली असेल. एकदा घसा सुजला होता. डॉक्टरांनी तिच्या हातावर सुईची चाचणी घेतली, अर्धा तास बसवले, आणि मग रकान्यात लिहिले, 'पेनिसिलिन. टेस्ट केली. चालते.' खाली आपली सही, एक 'दा' आणि त्याला लांब शेपूट. ही ओळ लक्षात ठेवा, मित्रांनो. मला ती विसरता येत नाही.

दोन हजार सोळाच्या पौषात ती शेवटची आली. ताप होता. चार दिवस झाले होते. देवमन यांनी वय लिहिले अठ्ठावीस, वजन अडतीस. डॉक्टरांनी तिचे पोट दाबून पाहिले, डोळे पाहिले. मग दुर्गाबाईंना म्हणाले, "आज औषध देतो. पण उद्या आणा तिले. उद्या उतरला नाही तं अमरावतीले न्या लागन. विसरू नका."

"आणतो न, डॉक्टरसाहेब," दुर्गाबाई म्हणाल्या.

आणि डॉक्टरांनी माझ्यावर लिहिले, 'उद्या पुन्हा दाखवा.'

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी खणात वर, लगेच सापडेल असा ठेवलेला होतो. देवमन यांचा हात किती वेळा आत आला. दर वेळी मला वाटले, आता मलाच काढतील. एकशे सदतीस निघाला. तीनशे दोन निघाला. दुपारी दवाखाना बंद झाला, संध्याकाळी पुन्हा उघडला. डॉक्टरांनी एकदा विचारले, "उत्तमरावच्या घरचं कोणी आलं का?" देवमन म्हणाले, "नाही जी."

तिसऱ्या दिवशीही नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी, मला नक्की आठवत नाही, बाकावर बसलेल्या कोणी तरी म्हटले की उत्तमरावांची सून अमरावतीला नेता नेता वाटेतच गेली.

त्यानंतर मी पूर्वीसारखा राहिलो नाही. उत्तमराव आपल्या रक्तदाबासाठी येत. मला बाहेर काढले जाई. डॉक्टर पहिला रकाना पाहत, लिहीत, आणि मग त्यांचा अंगठा आपोआप चौथ्या रकान्यावर येऊन थांबे. तिथे एक आडवी रेघ मारून तारीख लिहायची असते. गेलेल्या माणसासाठी त्या दवाखान्यात तसेच करीत. डॉक्टर पेन उघडत, आणि पुन्हा बंद करीत. त्यांना ती रेघ मारणे जमले नाही. मला वाटते, रेघ मारली असती तर ते तीन शब्द संपले असते, आणि ते संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही असे त्यांना वाटत असावे. मी कार्ड आहे, मला माणसांच्या मनातले काय कळणार? पण रकाना उघडा राहिला एवढे खरे. मित्रांनो, उघड्या दारातून वारा येतो, तसे उघड्या रकान्यातूनही काही येत राहते. उन्हाळ्यात भर दुपारी, खणाचे लाकूड तापलेले असताना, माझा तेवढा भाग गार असे.

साथीच्या पहिल्या वर्षी दाऊद डॉक्टर गेले. दवाखान्याला कुलूप लागले. दोन वर्षे कोणी खण ओढला नाही. त्याच काळात कसर माझी कड खाऊन गेली. अंधारात मी ती सात अक्षरे पुन्हा पुन्हा वाचत होतो. आपल्यावरच लिहिलेले असले की मिटून घ्यायला डोळे नसतात.

मग एके दिवशी कुलूप उघडले. डॉक्टरांची मुलगी रुबीना अकोल्याहून डॉक्टर होऊन आली होती. तिने भिंती पांढऱ्या करून घेतल्या, पण निळ्या रंगाचे फूट आणि इंच राहू दिले. देवमन पुन्हा टेबलामागे बसू लागले. आता त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. रुबीना त्यांना देवमनकाका म्हणे. तिने आमचे खण ओढून पाहिले, आपल्या वडिलांचे अक्षर पाहिले, आणि खण हळूच लावून टाकला. म्हणाली, "ही कार्डं राहू द्या, काका. अब्बांनी सगळं लिहून ठेवलं आहे. मला कामाला येईल."

तिचा आमच्यावर विश्वास होता. याच विश्वासाची मला भीती वाटू लागली.

त्याच वर्षी आखाडात दुर्गाबाई एका नव्या मुलीला घेऊन आल्या. हिरव्या बांगड्या, मनगटापर्यंतची, आता रंग उतरत आलेली मेंदी. किशोरचे दुसरे लग्न झाले होते. ही आचल, शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक होता. पैशाएवढी चांदीची पत्री आणि तिच्यावर ठोकलेली बाईची आकृती. आमच्याकडे काही घरांत ही चाल अजून आहे. पहिली बायको गेलेली असली तर दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक घालतात, म्हणजे ती रागावत नाही. सणाच्या दिवशी टाकाला नैवेद्य दाखवतात. नाव मात्र घरात कोणी घेत नाही. 'पहिली' म्हणतात.

"कोणाच्या घरचे?" देवमन यांनी सवयीने विचारले, आणि मग दुर्गाबाईंना पाहून स्वतःच म्हणाले, "उत्तमरावच्या. दोनशे चौदा."

मी बाहेर आलो.

"नवीन नाव टाका लागते का?" आचलने विचारले.

"नवीन कायले? घराचं कार्ड हाय. सुनेचा रकाना हाय. जागा बी हाय," देवमन म्हणाले.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. एका घरात सुनेची जागा एक, आणि त्या जागेवर जी असेल ती सून. त्यांनी आयुष्यभर असेच लिहिले होते. दुर्गाबाई समोर उभ्या होत्या. त्या एक शब्द जरी बोलल्या असत्या, तर पुढचे झाले नसते. पण पहिली कशी गेली हे नव्या सुनेच्या कानावर घालायचे नाही, असे त्यांनी ठरवलेलेच होते. त्या खाली बघत राहिल्या.

"काका, मले एक सुई चालत नाही," आचल म्हणाली. "लहानपणी मले गांध्या उठल्या होत्या. आई म्हणे, नवीन डॉक्टरले पहिले हेच सांगजो."

"कोणती सुई?"

"नाव नाही माहीत."

"आता सर्दी झाली न तुले? सर्दीले सुई नाही देत. उभी राह्य काट्यावर."

काट्यावर छप्पन्न. भिंतीवर पाच फूट दोन. वय पंचवीस. देवमन यांनी हे सारे 'उद्या पुन्हा दाखवा' या ओळीच्या खाली लिहिले. जणू कोणी उद्या म्हणून सांगितले होते, आणि ती सहा वर्षांनी खरोखरच दाखवायला आली होती.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यावर काय गुदरले ते मला नीट सांगता येणार नाही. एका रकान्यात दोन बायका उभ्या होत्या. एक कोण होती ते कोणाला पाहायचे नव्हते, आणि दुसरी कोण आहे ते कोणी लिहिले नव्हते. माझ्यावर जी सून होती, ती मेल्यानंतर अठरा किलो वाढली होती. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पण कार्डाला आवाज नसतो. मी फक्त खरे ते दाखवू शकतो, आणि आता मी खोटे दाखवत होतो.

रुबीनाने त्या दिवशी मला पाहिलेच नाही. बाहेर रांग होती. तिने गोळ्या दिल्या आणि आचल गेली.

पौष आला. शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटण्याचे काम चालू होते. आचलच्या पायात पऱ्हाटीचे खुंट घुसले. दोन दिवस तिने हळद भरून काम केले. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला, अंगात ताप भरला, तेव्हा दुर्गाबाई तिला ऑटोत घालून घेऊन आल्या. पुन्हा पौष, पुन्हा ताप, पुन्हा त्याच दोघी, सासू आणि सून. माझा चौथा रकाना इतका गार पडला, की देवमन यांनी मला उचलताना बोटे झटकली. कदाचित ती थंडीची सकाळ असेल. मी जास्त सांगत असेन.

रुबीनाने जखम पाहिली. धुतली. चेहरा गंभीर झाला. "हे आत पसरत आहे. सुई द्यावी लागेल. कोणत्या औषधाचा त्रास होतो का?"

आचलने तोंड उघडले. "मले एक..."

"कार्डावर हाय सगळं," दुर्गाबाई मध्येच म्हणाल्या. "सासरे, नवरा, सारं घर इथंच दाखवते. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी लिहेल हाय."

रुबीनाने मला उघडले. तिचे डोळे चौथ्या रकान्यावरून खाली उतरले, आणि एका ओळीवर थांबले. 'पेनिसिलिन. टेस्ट केली. चालते.' खाली 'दा' आणि त्याचे लांब शेपूट. तिचा चेहरा एकदम निवळला. किती दिवसांनी वडिलांनी तिला काही सांगितले होते.

"अब्बांनी टेस्ट केलेली आहे," ती म्हणाली. "देवमनकाका, पेनिसिलिन काढा."

"मले एक सुई चालत नाही," आचल पुन्हा म्हणाली. आवाज तापाने बारीक झाला होता.

"गपचाप बस न व," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्याहीले समजते."

देवमन यांनी बाटली फोडली. सुईत औषध ओढले. मी टेबलावर उघडा पडलो होतो. सुटे सुटे वाचले, तर माझ्यावरचे एकेक अक्षर खरे होते. आणि त्याच खऱ्या अक्षरांनी ती मुलगी मरणार होती. आजवर मी ज्याचा अभिमान धरला, ते माझे लिहून ठेवणे, तेच.

मी त्या वेळी सीमाला हाक मारली. हे तुम्हाला पटणार नाही, मलाही आता पटत नाही. पण माझ्यापाशी दुसरे कोण होते?

रुबीनाला एक सवय होती, ती तिला वडिलांकडून आली होती. लिहिण्याआधी रकान्यावर अंगठा ठेवून ती वरपासून वाचीत असे. तिने पेन उघडले, अंगठा ठेवला, आणि वाचू लागली. वय तेवीस. वय अठ्ठावीस. उद्या पुन्हा दाखवा. वय पंचवीस.

अंगठा थांबला. परत वर गेला.

वजन अडतीस, वजन छप्पन्न. तशी माणसे वाढतात. पण उंची? चार फूट अकरा. पाच फूट दोन.

"काका, थांबा," ती म्हणाली.

देवमन कापूस हातात घेऊन उभे होते, ते तसेच थांबले.

रुबीनाने आचलला विचारले, "ताई, लग्नानंतर तुमची उंची वाढली का?"

आचल एवढ्या तापात हसली. "नाही जी. आता काय वाढन?"

"इथे लिहिलं आहे, तुम्ही तीन इंच वाढल्या. आणि तीन वर्षांनी लहान झाल्या." मग तिचा आवाज बदलला. "माझ्या अब्बांनी तुमची टेस्ट कधी केली होती?"

"तुमच्या बाबांले तं म्या पाह्यलंच नाही कधी," आचल म्हणाली.

देवमन यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

"मग हे कोणाचं आहे?" रुबीनाने विचारले.

तिने देवमन यांच्याकडे पाहिले. त्यांनी दुर्गाबाईंकडे पाहिले. दुर्गाबाई खाली बसल्या, तिथेच, फरशीवर. तेव्हा रुबीनाने मला उचलले, उजेडाकडे धरले, आणि काय वाटले कोण जाणे, उलटे केले.

अकरा वर्षांत कोणी माझी पाठ पाहिली नव्हती.

"सीमा," तिने वाचले. "सीमा कोण?"

आचलने ते नाव कधी ऐकले नव्हते, तरी तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. तिने तो चांदीचा टाक मुठीत धरला. "ह्या इथं हायेत," ती हळूच म्हणाली.

मग दुर्गाबाई बोलल्या. कोणी विचारले नव्हते. "मोठे डॉक्टर म्हणे, उद्या आणा. दुसऱ्या दिवशी घरी नवसाच्या रोडग्याचं जेवण होतं. दोनशे माणूस. थे पोरगी म्हणे, आई, मले उभं राहवत नाही. म्या म्हटलं, उद्याचा दिस काढ, परवा जाऊ. तिनं वाढलं. पुऱ्या पंगतीले वाढलं. परवा नाही आला."

देवमन भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते म्हणाले, "म्या तिले म्हटलं होतं, एक असली तं हरपत नाही."

रुबीना कोणाला रागावली नाही. बापाच्या अक्षरावर भरवसा ठेवून ती काय करून बसली असती, हे तिला दिसले असेल. तिने ती सुई स्वतः फेकली. दुसरे औषध दिले. मग टेबलावर एक कोरे, पांढरे कार्ड घेतले.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

"आचल किशोर..." ती सुरू झाली.

"आधी फक्त तुमचं."

"आचल."

रुबीनाने ते सगळ्यात वर लिहिले. खाली लाल शाईने लिहिले की पेनिसिलिन चालत नसावे, देऊ नये. शेंदूरजनाघाटच्या डॉक्टरांना फोन लावून विचारले, तेव्हा 'नसावे' खोडून 'नाही' केले. मग दुसरे कार्ड घेतले आणि फरशीवर बसलेल्या दुर्गाबाईंना विचारले, "आणि तुमचं नाव?" त्या दवाखान्यात त्यांना ते कोणी विचारलेच नव्हते.

शेवटी तिने मला घेतले. चौथ्या रकान्यातले 'सून' तिने खोडले नाही. त्याच्यापुढे शाईने लिहिले, 'सीमा'. आचलच्या नोंदीला चौकट करून 'ही दुसरी व्यक्ती' असे लिहिले. आणि तिच्या वडिलांना जी रेघ जमली नव्हती, ती तिने मारली. पेनाचे टोक 'उद्या पुन्हा दाखवा' या शब्दांच्या खालून गेले तेव्हा मला दुखले, आणि बरेही वाटले.

पण गोष्ट इथे संपली नाही. जाताना आचलच्या नव्या कार्डावर रुबीनाने शेवटची ओळ लिहिली. तिचे अक्षर अगदी वडिलांवर गेले आहे. 'उद्या पुन्हा दाखवा.'

दुसऱ्या दिवशी मी खणात होतो. मला आत ढकललेले नव्हते, देवमन यांनी वरच ठेवले होते, ते पांढरे कार्ड माझ्या अंगाला लावून. मी त्याला काही सांगितले नाही. नवीन होते ते. पण त्या दोन कार्डांपैकी एक तरी त्या सकाळी थरथरत होते. दवाखाना उघडायची वेळ झाली नव्हती. देवमन यांनी बाहेरचे कुलूप काढले, आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"कवापासून बसल्या, माय?"

"सात वाजल्यापासून," दुर्गाबाईंचा आवाज आला. "उद्या म्हटलं होतं न डॉक्टरीणबाईनं."

पायरीवर दोघी बसल्या होत्या. सासूने सुनेचा सुजलेला पाय आपल्या मांडीवर घेतला होता. घरी त्या दिवशी पऱ्हाट्या उपटायला बारा बाया येणार होत्या. त्यांचा चहा कोण करणार, हे दुर्गाबाईंनी कोणाला सांगितले नव्हते.

मित्रांनो, आता माझ्यावर कोणी लिहीत नाही. दवाखान्यात माणसागणिक कार्ड झाले आहे. देवमन अजून विचारतात, "कोणाच्या घरचे?" आणि मग स्वतःच मान हलवून विचारतात, "तुमचं नाव काय?" मी माझ्या जागी पडून असतो. चौथा रकाना आता इतरांसारखाच उन्हाळ्यात तापतो. मला अजून कधी कधी त्याची भीती वाटते, पण ती पूर्वीसारखी नाही.

तुम्ही कधी नव्या डॉक्टरांकडे जाल. कोणी म्हणेल, सगळे लिहिलेले आहे. तरी आपले आपण सांगा. तुमच्या आईला काय चालत नाही, आजीला काय सोसत नाही, ते त्यांना विचारून ठेवा, त्यांच्या नावाखाली. एका वेळी ऐकले नाही तर दुसऱ्यांदा सांगा, आचलने सांगितले तसे. आणि कोणी उद्या बोलावले, तर उद्याच जा.

माझ्या पाठीवरची पेन्सिल आता पुसट होत चालली आहे. पहिले अक्षर जेमतेम दिसते. मागच्या पितृपक्षात आचल आली होती. तिने मला मागून घेतले, उलटे करून बराच वेळ पाहिले, आणि टाकावरची बाई त्या अक्षराला लावून धरली. मग मला परत दिले. पेन्सिलचे अक्षर फार दिवस टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला हे नाव सांगून ठेवले. ती चार फूट अकरा इंच उंच होती, आणि टाचा उचलून उभी राहत असे.